सहा डिस्क आणि एक वही

आमच्या देवघराच्या खालच्या कप्प्यात एक पत्र्याचा डबा आहे. पूर्वी आई त्यात शेवया ठेवायची. आता त्यात सहा हार्ड डिस्क आहेत. प्रत्येक डिस्क अण्णांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली, वर दोऱ्याची गाठ, गाठीत अडकवलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर नुसता आकडा, एक ते सहा. कुठल्या आकड्यात काय आहे ते एका दोनशेपानी वहीत लिहिलेलं असतं. ती वही डब्यात नसते. ती अण्णांच्या उशाशी असते.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदांचे गठ्ठे असेच कापडात बांधून ठेवतात. त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. अण्णांनी ते दफ्तर कधी पाहिलेलं नाही. धूळ बसू नये आणि एक डिस्क दुसरीवर आपटू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे तो डबा पहिल्यांदा उघडला तेव्हा मला रुमालच आठवले. आणि रुमाल सोडताना आत काय निघेल हे जसं सांगता येत नाही, तसंच झालं.

अण्णांनी १९९४ साली कराडात डीटीपी सेंटर सुरू केलं. पुढची चोवीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचा मजकूर जुळवला. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, दशक्रियेची कार्डं, एखाद्या निवृत्त मास्तरांनी पदरमोड करून छापलेला कवितासंग्रह. २००३ साली कराडला शहात्तरावं साहित्य संमेलन भरलं, सुभाष भेंडे अध्यक्ष होते. मोठी कामं मोठ्या छापखान्यांकडे गेली, पण गावातल्या मंडळांना, बँकांना, दुकानदारांना स्वागताची पत्रकं हवी होती. त्या महिन्यात सेंटरचं शटर रात्री बाराच्या आत खाली आलं नाही, असं आई अजून सांगते.

काम झालं तरी फाइल टाकायची नाही, हा अण्णांचा पहिल्यापासूनचा नेम. कारण गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येऊन म्हणायचं, "अण्णा, मागच्या वर्षीचंच काढा, फक्त तारीख बदला." आधी फ्लॉपीवर ठेवलं. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत फोटो असलेली फाइल मावेना, तेव्हा सीडी आली. मग कॉम्प्युटर बदलला की जुनी डिस्क काढून ठेवायची सवय लागली. क्रमांक एक म्हणजे २० जीबीची, रुंद पट्टीसारखी केबल लागणारी. दोन ८० जीबीची. तीन ही पहिली बाहेरून जोडायची, ३२० जीबी. चार १ टीबीची, २०११ च्या दिवाळीनंतर घेतलेली. त्या वर्षी थायलंडमध्ये महापूर आला, डिस्क बनवणारे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर डिस्कचे भाव भडकले. कराडच्या दुकानातही अण्णांना ती जवळपास दुपटीनं घ्यावी लागली. वहीत क्रमांक चारसमोर किंमत लिहून त्यापुढे कंसात "पूर" असा एकच शब्द आहे. पाच २ टीबीची. सहावी मी आणली, ४ टीबीची.

खरी अडचण सहा डिस्क असण्याची नव्हती. नवी डिस्क आली की अण्णा जुनीवरचं जवळपास सगळं तिच्यावर उतरवायचे आणि नंतर घाईगर्दीत कधी जुनीवर काम करायचे, कधी नवीवर. त्यामुळे एकाच स्मरणिकेचं फोल्डर चार डिस्कवर होतं आणि चारही ठिकाणी थोडं थोडं वेगळं. एकात मुख्याध्यापकांचं मनोगत दुरुस्त केलेलं, पण देणगीदारांची यादी जुनी. दुसऱ्यात यादी पुरी, पण मनोगत कच्चं.

ग्रंथालयात आम्ही याला पाठभेद म्हणतो. भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली १९१९ साली आणि ती पुरी झाली १९६६ साली. बाराशेहून अधिक हस्तलिखितं लावून, कुठला श्लोक कुठे आहे आणि कुठे नाही, हे पंडितांनी ओळीओळीनं पाहिलं. माझ्यापुढे महाभारत नव्हतं, कराडच्या एका हायस्कूलचा सुवर्णमहोत्सव होता. पण प्रश्न तोच होता: यातली खरी प्रत कुठली?

गेल्या पावसाळ्यात मी रजा घेऊन महिनाभर घरी राहिले. रोज दुपारी चहा झाला की मी आणि अण्णा बसायचो.

"अण्णा, ही पत्रिका कुठल्या सालची?"

"अगं, त्या वर्षी जुना पूल पाण्याखाली गेला होता बघ."

"म्हणजे २००५?"

"साल कशाला हवं तुला? त्या थोरल्याचं लग्न ते. धाकट्याची पत्रिका त्याच्याच फोल्डरात असेल."

आणि असायचीच. अण्णांच्या डोक्यातली मांडणी माणसांची आहे, माझी वर्षांची. मी हट्टानं वर्षावर आले, कारण माणसं लक्षात असणारा माणूस एकच आहे आणि तो आता अठ्ठ्याहत्तरचा आहे. प्रत्येक फोल्डरच्या नावात आधी साल, मग महिना, मग दिवस. अशी नावं दिली की यादी आपोआप काळाच्या क्रमानं लागते. पण मग अण्णांना काही सापडेना. शेवटी आम्ही दोन्ही ठेवलं. डिस्कवर वर्षं आणि वहीत माणसं. वहीच्या डाव्या पानावर आडनाव, घराणं, कार्य. उजव्या पानावर फोल्डरचं नाव आणि डिस्कचे आकडे. सूचिपत्र करणाऱ्या कुणालाही हे पटेल. वस्तू एकाच जागी राहते, तिच्याकडे जाणाऱ्या वाटा मात्र हव्या तेवढ्या करता येतात.

साल काढायला फाइलची तारीख पाहावी म्हटलं, तर तिचाही भरवसा नव्हता. सहाशेच्या वर फाइल १ जानेवारी २००२ च्या निघाल्या. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती. त्या दिवसांत लोडशेडिंगही फार होतं, आणि दर वेळी वीज जाऊन आली की घड्याळ त्याच तारखेला परत जायचं. कित्येक महिन्यांची कामं एका दिवसात होऊन बसली होती. ती अण्णांनी आतला मजकूर वाचून सोडवली. मुहूर्त, तिथी, निमंत्रकांची नावं पाहून त्यांनी एकेक वर्ष सांगितलं आणि ज्या चाळीसेक फाइलमध्ये काहीच खूण नव्हती त्या "साल माहीत नाही" अशा फोल्डरात ठेवायला लावल्या. अंदाजानं साल घालू द्यायला ते तयार नव्हते.

आता खरं दुखणं सांगते. फाइल सापडली म्हणजे मजकूर सापडला असं नाही.

क्रमांक एकवरची पहिली फाइल मी उघडली ती पेजमेकरची, म्हणजे अडोबी कंपनीच्या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरची. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्याच कंपनीचं आजचं इनडिझाइन त्या फाइल उघडत नाही. जुना कॉम्प्युटर झाडून-पुसून लावला, फाइल उघडली, तर पानभर रोमन अक्षरं, डॉलरची चिन्हं आणि कंस. मराठीचा एक काना नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत, येण्यापूर्वी देवनागरीचे फाँट इंग्रजी अक्षरांच्या घरात आपली अक्षरं बसवत. फाइलमध्ये साठवले जात ते फक्त घरांचे क्रमांक. फाँट असेल तर त्या घरातून "श" बाहेर येतो, नसेल तर इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. प्रत्येक कंपनीची घरं निराळी, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फाँटात लावला की मराठी दिसतं, पण ते कुणालाही न कळणारं मराठी.

रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नये. "धर्म" मधला रफार डोळ्यांना म वर दिसतो. जुन्या फाँटात आधी म टाइप करून मग त्यावर रफार द्यायचा, युनिकोडमध्ये मात्र तो र म च्या आधी साठवला जातो. ऱ्हस्व वेलांटीचं उलटं: डोळ्यांना आधी दिसते, साठवायची नंतर. प्रोग्रॅमला ही अदलाबदल करावी लागते, आणि जोडाक्षर मोठं असलं की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. आम्ही पंचवीस कवितासंग्रह आणि स्मरणिका रूपांतरित केल्या. प्रत्येक ओळ अण्णांनी चष्मा लावून छपाईआधीच्या मुद्रितासारखी तपासली, समासात त्याच जुन्या खुणा करत.

फाँट आणि सॉफ्टवेअरचं डाँगल, म्हणजे जे कॉम्प्युटरला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती किल्ली, अण्णांनी आगपेटीच्या खोक्यात घालून, वर "टाकू नये" लिहून ठेवलेलं होतं. ते नसतं तर या सगळ्या डिस्क धडधाकट असूनही मुक्या राहिल्या असत्या. म्हणून आता प्रत्येक कामाच्या फोल्डरात चार गोष्टी असतात: मूळ फाइल, तिचा फाँट, फाँट आत गुंफलेली पीडीएफ आणि युनिकोडमधला साधा मजकूर. त्यातला साधा मजकूर सगळ्यांत जास्त टिकेल असं मला वाटतं. त्याला उघडायला कुणाची परवानगी लागत नाही.

एक गोष्ट माझ्या हातून झाली. ती लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

२००७ साली अण्णांनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. आजी तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. छोटा व्हॉइस रेकॉर्डर तिच्यापुढे पाटावर ठेवायचा आणि ती म्हणेल तितकं घ्यायचं. अशा अकरा फाइल झाल्या. त्या क्रमांक चारवर होत्या. २०२१ च्या मे महिन्यात मी सहावी डिस्क आणली आणि चारवरचं सगळं सहावर घ्यायला बसले. विंडोजमधल्या रोबोकॉपी या फाइल उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला "मिरर" असा पर्याय आहे. जसं या बाजूला आहे, अगदी तसं त्या बाजूला करायचं. तिकडे काही जास्तीचं असेल तर ते पुसून टाकायचं. जोडलेल्या प्रत्येक डिस्कला विंडोज एक इंग्रजी अक्षर देतं. आदल्या दिवशी चार नंबर "ई" या अक्षरावर आला होता. त्या दिवशी मध्ये एक पेन ड्राइव्ह लावलेला होता, अक्षरं सरकली आणि मी पाहिलं नाही. मी रिकाम्या डिस्कचं प्रतिबिंब भरलेल्या डिस्कवर पाडलं.

काही मिनिटांत चार नंबर रिकामी झाली. पुढची चूक त्याहून मोठी. घाबरून मी लगेच पाच नंबरवरचा सगळा साठा चारवर परत उतरवायला लागले. नंतर पुण्यात एका जाणकारानं समजावून सांगितलं. फाइल पुसली की आधी फक्त सूचीतली तिची नोंद जाते, मजकूर तबकडीवर तसाच असतो. तिथे दुसरं काही लिहिलं गेलं की मग तो खरोखर जातो. "हात लावला नसता तर बरंच परत मिळालं असतं," ते म्हणाले. अण्णांची कामं पाच नंबरवर होती, ती वाचली. ओव्या पाचवर कधी उतरवल्याच गेल्या नव्हत्या.

२००८ ची एक सीडी सापडली, वर मार्करनं "आई – ओव्या". अकराही फाइल तिच्यावर होत्या. सात वाचता आल्या. सीडी आतून बाहेरच्या कडेकडे लिहिली जाते, आणि बाहेरच्या कडेलाच हात लागतात, तिथलाच थर आधी खराब होतो. शेवटच्या चार कडेला होत्या. अण्णांना आठवतं त्याप्रमाणे त्या चारांमध्ये आजी दमलेली होती. ओवी अर्ध्यात सोडून नुसतं बोलत बसायची, माहेरचं, दुष्काळाचं, गेलेल्या मुलांचं.

मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "किती राहिल्या?"

"सात."

त्यांनी वही उघडली आणि लिहिलं: आईच्या ओव्या, अकरापैकी सात.

त्यानंतर मी जे काही शिकले ते त्या एका ओळीमुळे. छायाचित्रकारांमध्ये पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला एक नियम आहे. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. ऐकायला साधा आहे. पण तीनच का, हे मला आमच्या घरातल्या एका पोथीनं समजावलं.

पणजोबांनी हातानं उतरवलेली पोथी आहे आमच्याकडे. प्रत्येक अध्यायाच्या शेवटी ओवीसंख्या दिलेली. नक्कल करणारा ओव्या मोजायचा आणि आकडा जुळला नाही तर कुठेतरी ओळ सुटली हे त्याला कळायचं. अगदी शेवटी, पोथ्या लिहिणाऱ्यांची ती नेहमीची विनवणी: तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला सांभाळा, मूर्खाच्या हाती देऊ नका. ती ओळ मी लहानपणापासून वाचत आले होते. त्या मे महिन्यात पहिल्यांदा ती मला उद्देशून लिहिलेली वाटली.

ओवीसंख्येचं काम कॉम्प्युटरवर चेकसम करतो. पूर्ण फाइल वाचून तिची एक ठरावीक लांबीची खूण काढायची. शा-२५६ या पद्धतीत ती चौसष्ट अंक-अक्षरांची होते. फाइलमधला एक अनुस्वार बदलला तरी सगळी खूण बदलते. मी प्रत्येक डिस्कवरच्या प्रत्येक फाइलची खूण काढून यादी केली. एक्केचाळीस हजार फाइलपैकी तीन अशा निघाल्या, की ज्यांचं नाव तेच, आकार तोच, तारीख तीच, पण तीन नंबरवरची खूण चारवरच्या खुणेशी जुळेना. कुठेही चूक झाल्याचा संदेश आला नव्हता. डिस्कनं गुपचूप एखादा कण बदलला होता. आणि दोन प्रतींत तंटा लागला की खरी कुठली हे त्या दोघी सांगू शकत नाहीत. तिसरीलाच विचारावं लागतं. तिसरी प्रत साक्षीदार असते.

आणखी एक गंमतीचा, पण रात्रभर जागवणारा पाठभेद. दादा नाशिकला असतो, त्याच्याकडे जुना मॅक. त्यानं काही फोल्डर झिप करून पाठवले. ते उघडले तर माझ्या डिस्कवर एकाच जागी दोन फोल्डर दिसू लागले, दोन्हींचं नाव "कऱ्हाड". अक्षरन् अक्षर सारखं, तरी कॉम्प्युटर त्यांना एक मानेना. कारण त्या नावातला "ऱ". युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो. एक, स्वतंत्र अक्षर म्हणून. दुसरी, साधा र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब. जुन्या मॅकची फाइल ठेवण्याची पद्धत पहिल्याचा दुसरा करते. डोळ्याला फरक शून्य, यंत्राला ती दोन गावं. गावाचं नाव कराड की कऱ्हाड हा वाद अण्णांनी प्रत्येक पत्रिकेच्या वेळी ऐकला होता. आता फोल्डरची नावं आम्ही "कराड" अशीच ठेवतो. आतल्या मजकुरात मात्र ज्यानं जे लिहिलं तेच.

काय ठेवायचं यापेक्षा काय पुसायचं हे ठरवणं अवघड गेलं. मी मागेपुढे पाहत होते, अण्णा नव्हते. कच्ची मुद्रितं जाऊ द्यायची, छपाईच्या प्लेटला गेलेली शेवटची प्रत ठेवायची. मग एका दुपारी त्यांनी स्वतःहून एक फोल्डर काढायला लावलं: लोकांची मृत्युपत्रं, प्रतिज्ञापत्रं, मुलींचे लग्नाचे बायोडेटा.

"हे आधी पूस."

"अण्णा, कधी कुणाला लागलं तर?"

"ते आपल्याला दाखवायला दिलेलं नव्हतं. टाइप करायला दिलं होतं."

सगळ्या डिस्कवरून ते काढायला दोन दिवस लागले. दशक्रियेची कार्डं मात्र त्यांनी एकही जाऊ दिलं नाही. एखाद्या घरातल्या सगळ्या सुना-जावई-नातवंडांची नावं एकत्र येतात ती तिथेच, असं ते म्हणतात. आणि खरंच, वर्षातून एखादा तरी माणूस आजोबांच्या भावंडांची नावं विचारायला आमच्या दारी येतो.

घराबाहेरच्या प्रतीबद्दल कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या गावात कुणाला पटवावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये प्रीतिसंगमाचा परिसर पाण्याखाली होता. पाणी आमच्या गल्लीपर्यंत आलं नाही, पण त्या रात्री अण्णांनी तो डबा छातीशी धरून माळ्यावर नेला होता. डब्यातली प्रत्येक प्रत तेव्हा एकाच घरात होती. आता पाच नंबर नाशिकला दादाच्या कपाटात असते आणि तिच्या जागी डब्यात तशीच नवी आहे, क्रमांक "५ अ". सगळं इंटरनेटवर चढवायचा विचारही केला होता. आमच्या लाइनचा वर चढवण्याचा वेग १० एमबीपीएस. दोन टीबी चढायला अखंड अठरा-एकोणीस दिवस लागले असते. म्हणून तिथे फक्त पीडीएफ, साधा मजकूर आणि आजीचा आवाज ठेवलाय.

डिस्क कपाटात ठेवून दिली म्हणजे ती जपली असं होत नाही. फिरणारी यंत्रं पडून राहिली की कधी कधी फिरायचं विसरतात, आणि एसएसडीला, म्हणजे न फिरणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कला, वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही तर तिच्यातला भार झिरपत जातो. आजी दर उन्हाळ्यात डाळी, पैठणी आणि पोथी तिन्ही उघडून पाहायची. आम्ही खंडेनवमी धरली. सेंटर होतं तेव्हा त्या दिवशी कॉम्प्युटर, प्रिंटर आणि कटिंग मशीनची पूजा व्हायची, पेढे वाटले जायचे. सेंटर बंद झालं तरी दिवस राहिला होता. आता त्या दिवशी सगळ्या गाठी सुटतात. दादा पाच नंबर घेऊन येतो. खुणांची यादी पुन्हा चालवायची, जुळली की वहीत तारीख.

या वर्षी क्रमांक एक फिरली नाही. आतून एकदा टक् असा आवाज आला, मग काहीच नाही. तिच्यावरचं सगळं पाच आणि सहावर असल्याचं यादीत तपासलं. अण्णांनी वहीत लिहिलं, "क्र. १ बंद," आणि तिला हळदकुंकू लावून पुन्हा त्याच कापडात बांधलं.

संध्याकाळी सहा नंबर तपासताना ते म्हणाले, "सातवी लाव गं."

सातव्या फाइलमध्ये तीन ओव्या आहेत. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी, कुणीतरी दार लावतं. तिसरी ओवी संपते, आजी खोकते आणि म्हणते, "आता बास कर बाबा. राहिलेल्या उद्या म्हणते."

अण्णांनी तारीख घातली आणि पुढच्या डिस्कची गाठ सोडायला घेतली.